‘डोकं नाही, हात दिलेत’ म्हणणाऱ्या सरांच्या सत्कारात मी काय बोलू?

पत्राचा सारांश असा: लिहिणाऱ्या बाई 46 वर्षांच्या आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी त्या लेडीज टेलरिंगचं दुकान चालवतात. 1993 साली त्या नववीत होत्या. भूमितीच्या तासाला सरांनी त्यांना फळ्यापाशी बोलावलं. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश असते, हे सिद्ध करून दाखवायचं होतं. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ काढायची, इथपर्यंत त्या आल्या आणि थांबल्या. ‘सर, पण ही रेघ का काढायची? ती तर आकृतीत नाहीच आहे.’ सर म्हणाले, ‘देवानं तुला डोकं नाही दिलं, हात दिलेत. गणिताच्या नादी लागू नकोस, शिवण शीक.’ वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. दहावीला गणितात काठावर पास, मग आर्ट्‌स, बारावीनंतर लग्न, शिवणक्लास आणि पुढे दुकान.

आता सरांना पंचाहत्तर पूर्ण होताहेत. माजी विद्यार्थी अमृतमहोत्सवी सत्कार करणार आहेत आणि ‘सरांच्या शब्दांनी माझं आयुष्य बदललं’ या विषयावर बाईंनी पाच मिनिटं बोलावं असं ग्रुपवर परस्पर ठरलं आहे. कारण सर स्वतःच हा किस्सा लग्नाकार्यात कौतुकानं सांगतात: ‘हिचे हात मी नववीतच ओळखले होते!’ वर्गमैत्रीण म्हणते, सर चांगल्यासाठीच म्हणाले होते. नवरा म्हणतो, एवढ्या वर्षांनी काय उकरून काढतेस. आणि यंदा दहावीला असलेली मुलगी सहामाहीचे गुण आल्यावर म्हणाली, ‘आईचंच डोकं आलंय ना माझ्यात.’ तेव्हापासून बाईंना झोप नाही. त्या विचारतात, ‘सरांच्या एका वाक्यानं माझं आयुष्य बदललं हे तर खरंच आहे. पण मी आभार कशाचे मानू? आणि खरं बोलले तर कृतघ्न ठरेन का?’

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी फळ्यावरच्या त्या रेघेपाशी थांबले. तुम्ही विचारलंत की रेघ आकृतीत नाही, तर ती आली कुठून. नववीच्या भूमितीत याहून चांगला प्रश्न विचारता येत नाही. दिलेल्या त्रिकोणात ती रेघ नसतेच. कुणीतरी आधी डोकं चालवून ती सुचवलेली असते. ती काढली की व्युत्क्रम कोन समान होतात, तिन्ही कोन एका सरळ रेषेवर येऊन बसतात आणि सिद्धता आपोआप सुटते. बाकीची मुलं ती पाठ करून लिहीत होती. तुम्ही पाठ करायला अडलात, कारण तुम्हाला ती समजून घ्यायची होती. सरांना त्या क्षणी हे दिसलं नाही. साठ-साठ मुलांचा वर्ग, तास संपायला आलेला, पोर्शन मागे पडलेला, असं काहीही असेल. पण जो प्रश्न ऐकून मास्तरांनी खडू खाली ठेवायला हवा होता, त्या प्रश्नावर तुम्हाला शिवण शिकायला सांगितलं गेलं. तुम्हाला लागलं ते उगाच लागलं नव्हतं. एवढं मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तुमच्या काही समजुतींना हात घालणार आहे आणि त्यावरून ‘म्हणजे चूक माझीच’ असा अर्थ तुम्ही काढायला नको.

‘एका वाक्यानं आयुष्य बदललं’ असं तुम्ही म्हणता, सर म्हणतात, आता बॅनरवरही तेच छापलं जाणार. तुमची नि सरांची भांडणं काय असतील ती असोत, या एका बाबतीत तुमचं एकमत आहे आणि मला नेमकं तेच पटत नाही. तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता, तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत. गावातल्या कॉलेजात सायन्स नव्हतं, त्यासाठी रोज एसटीनं तालुक्याला जावं लागलं असतं. आणि धाकटा भाऊ एकच वर्ष मागे होता, त्याच्या डिप्लोमाच्या डोनेशनची जमवाजमव वडिलांनी तेव्हाच सुरू केली होती. मग सांगा, सर त्या दिवशी रजेवर असते आणि ते वाक्य कुणी बोललंच नसतं, तर तुम्हाला सायन्सला घातलं असतं का?

मला उत्तर माहीत नाही. कदाचित घातलं असतंही. पण घरात पैसा एकाच्याच शिक्षणापुरता असताना तो कुणावर खर्च व्हायचा हे बहुतेक घरांत आधीच ठरलेलं असायचं, फक्त ते तोंडानं बोलायला जड जायचं. सरांच्या वाक्यानं ते बोलणं सोपं केलं. ‘सरच म्हणालेत ना,’ असं वडील म्हणाल्याचं तुम्ही लिहिता. या तीन शब्दांत सगळं आलं. वडिलांना ‘पैसे नाहीत’ म्हणावं लागलं नाही, ‘मुलगी आहे’ असं तर नाहीच नाही. आईला वाद घालावा लागला नाही. भावाला अपराधी वाटावं लागलं नाही. सर बोलले एकदा, पण ते वाक्य राबवलं सगळ्यांनी मिळून, आणि नंतर तुम्हीही. बँकेत फॉर्म भरताना, पोरीच्या वहीकडे बघताना, ‘मला नाही बाई गणित येत’ हे तुम्ही आजवर किती वेळा म्हणाला असाल!

हे मी सरांना सोडवण्यासाठी सांगत नाही. उलट, सगळं सरांच्या माथी मारलं की बाकीचे सुटतात आणि सगळं श्रेय सरांना दिलं तरीही बाकीचे सुटतातच. म्हणून तुमच्यासारख्यांना मी एक साधा उद्योग सुचवते. कुणाचं वाक्य वर्षानुवर्षं डोक्यात बसलं असेल, तर एका कागदावर ते वाक्य लिहा. खाली लिहा, ते कुणी कुणी परत म्हटलं, कधी म्हटलं आणि तेव्हा त्यामुळे कुणाची कोणती अडचण दूर झाली. हा शेवटचा भाग टाळू नका. ‘तुझा रंग बघता स्थळ मिळालं हेच खूप’ असं ऐकून संसाराला उभी राहिलेली बाई असो, की ‘धंदा आपल्या रक्तात नाही’ ऐकून चाळीस वर्षं नोकरीत घासलेला माणूस असो, हा कागद भरताना बहुतेकांचा राग एका माणसावरून उठतो आणि तीन-चार ठिकाणी वाटला जातो. राग कमी होतोच असं नाही, पण तो पेलता येतो.

आणखी एक गोष्ट मला तुम्हाला विचारायची आहे. त्याच वर्गात भूमितीत अडणारे मुलगेही असतीलच. त्यांना सर काय म्हणायचे? माझा अंदाज आहे, ‘गाढवा, अभ्यास कर’, ‘बापाचा पैसा फुकट घालवतोस’, झालंच तर दोन छड्या. यातली एकही गोष्ट चांगली नव्हे. पण ‘गाढवा, अभ्यास कर’ या शिवीत एक गोष्ट गृहीत असते, की केला तर जमेल. तुम्हाला छडी मिळाली नाही, आवाजही चढवला नाही, बहुधा सर हसतच बोलले असतील. तुमची मैत्रीण म्हणते तसं. आणि त्या हसण्यात त्यांनी तुम्हाला शर्यतीतून उचलून बाजूला ठेवलं. ‘चांगल्यासाठीच म्हणाले’ हे तिचं म्हणणं खोटं नसेल. सरांच्या दृष्टीनं मुलीचं चांगलं म्हणजे शिवण येणं हेच होतं. हेतू चांगला असला म्हणून घाव कमी बसत नाही, एवढंच मैत्रिणीला सांगा आणि विषय संपवा. ती तुमची साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

धोंडो केशव कर्वे यांची एक गोष्ट इथे आठवते. कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा मित्रांबरोबर कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेला, सरकारी परीक्षेला बसायला. तिथे साहेबानं त्याच्याकडे बघून सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. झालं, बसूच दिलं नाही. वयाचा दाखला जवळ असूनही. पुढे हेच कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. असल्या गोष्टी भाषणात सांगून शेवटी ‘म्हणून खचू नका’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला मात्र यातला फरक महत्त्वाचा वाटतो. ‘तू लहान दिसतोस’ हे वाक्य कितीही अन्यायाचं असलं तरी ते एका वर्षात आपोआप शिळं होतं. पोरगा वाढतो, दाढी-मिशा फुटतात, परीक्षा पुन्हा येते. ‘देवानं तुला डोकं नाही दिलं’ हे वाक्य शिळं होत नाही. ते तुमच्या कामाबद्दल नव्हतं, चुकलेल्या सिद्धतेबद्दल नव्हतं, ते तुमच्या घडणीबद्दल होतं. शिवाय वर देवाचा हवाला. चौदा वर्षांच्या पोरीनं त्यावर अपील कुठे करायचं?

शिक्षक आणि पालक हे सदर वाचतात, त्यांना एवढंच सांगते. रागवायचं असेल तर वहीवर रागवा, गृहपाठावर रागवा, काल काय केलंस यावर रागवा. मूल मुळात काय आहे, हे सांगण्याचा अधिकार आपल्याकडे नाही.

आता तुमच्या दुकानाकडे येते. तुम्ही लिहिता, ‘मला गणित येत नाही, पण हिशोबात मी चुकत नाही. अंब्रेला घागऱ्याला कंबरेच्या मापाला सहाने भागते आणि पाव इंच कमी धरते, क्लासच्या बाईंनी शिकवलेलं.’ मी कागदावर मांडून बघितलं. 28 इंच कंबर. भागिले सहा म्हणजे साधारण 4.67, त्यातून पाव इंच गेला की 4.42. कापडाची चौघडी घालून कोपऱ्यापासून एवढ्या अंतरावर तुम्ही खडूनं कंस मारता आणि कापड उघडलं की मधोमध कंबरेचा गोल तयार. आता पुस्तकातलं सूत्र घ्या: परीघ म्हणजे दोन गुणिले 3.14 गुणिले त्रिज्या, म्हणजे त्रिज्येच्या 6.28 पट. 28 भागिले 6.28 बरोबर 4.46. तुमच्या बाईंचा पाव इंच म्हणजे सहा आणि 6.28 यांच्यातला फरक भरून काढायची युक्ती आहे. 32 कंबरेला करून बघा, तिथेही ती चपखल बसते.

‘बघा, तुम्ही रोज गणितच तर करत होतात!’ असं म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. घागऱ्याचा घेर काढता येणं आणि वर्गसमीकरण सोडवता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला शिकू दिलं असतं तर तुम्ही आणखी कुठे तरी असतात आणि ते गेलं ते गेलंच. त्याचं वाईट वाटू द्या. पण ‘डोकं एका बाजूला आणि हात दुसऱ्या बाजूला’ ही सरांनी केलेली वाटणी खोटी होती, एवढं मात्र तुमच्याच कात्रीखाली सिद्ध होतं. कटोरी ब्लाउजचं कटिंग बघितलेल्या कुणालाही विचारा. सपाट कापडातून गोलाई काढायची, टक्स म्हणजे चिमटे कुठे नि किती घ्यायचे, उरेब म्हणजे तिरकं कापलेलं कापड कुठे ताणलं जाईल ते आधी ओळखायचं. हे नुसते हात कसे करतील?

आणि श्रेयाचं म्हणाल, तर तुम्ही स्वतःच दोन ओळींत उत्तर दिलेलं आहे. शिवण तुम्हाला क्लासच्या बाईंनी शिकवलं. पहिलं मशीन नवऱ्यानं सोसायटीचं कर्ज काढून आणलं. पहिली तीन वर्षं फॉल-पिको करून हप्ते तुम्ही फेडले. सर यात कुठेच नाहीत. त्यांनी वर्गात एक शेरा मारला होता आणि नशिबानं, तुमच्या कष्टानं तो शेरा पुढे भविष्यवाणीसारखा दिसायला लागला. समजा तुम्ही शिवणात न पडता अंगणवाडीत लागला असतात, तर हा किस्सा सरांनी कुणाला सांगितला असता का? आपली चुकलेली भाकितं कुणीच लग्नात सांगत नाही.

तर, सत्कार. तुम्हाला दोनच रस्ते दिसताहेत: स्टेजवर जाऊन गोड बोलायचं, नाहीतर स्टेजवर जाऊन हिशोब चुकता करायचा. स्टेजवर न जाणं हाही एक रस्ता आहे आणि मला तोच बरा वाटतो. कृतज्ञता वाटत नसताना ती माइकवर व्यक्त करणं म्हणजे स्वतःशी खोटं बोलणं. त्यात पुढची दहा वर्षं ते भाषण मोबाइलवर फिरत राहणार. उलट, पंचाहत्तरीच्या माणसाला हार घालून झाल्यावर भर सभेत सुनावलं, तर सभा त्यांच्या बाजूची होणार. लोक तुमचं म्हणणं विसरतील आणि तुम्ही ‘कार्यक्रमाचा रसभंग केला’ एवढंच लक्षात ठेवतील. ज्या गोष्टीवर तुम्हाला नीट ऐकून घ्यायला हवं आहे, ती जिथे कुणी ऐकून घेणार नाही तिथे बोलू नका.

‘नाही’ कसं म्हणायचं? लांबलचक सबबी नकोत. दुकानात सीझन आहे, घशाला बरं नाही, असलं काही सांगितलंत तर मंडळी तारीख बदलतील. जी मैत्रीण कार्यक्रम ठरवते आहे तिला, ग्रुपवर नाही, एकटीला फोन करा. सांगा, ‘मी येईन, वर्गणीही देईन. पण त्या विषयावर मी बोलणार नाही. तो प्रसंग सगळ्यांना गमतीचा वाटतो, मला तेव्हा फार लागलं होतं. निवेदन करणाऱ्यालाही सांग, माझं नाव घेऊन तो किस्सा सांगू नको.’ बस्स. ती ‘अगं, एवढं काय त्यात’ म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही परवानगी मागत नाही आहात, कळवता आहात.

तरीही सर उत्साहाच्या भरात तो किस्सा सांगतीलच, असं धरून चला. तेव्हा तुम्हाला हसायची सक्ती नाही. उठून जायचीही गरज नाही. कुणी माइक हातात कोंबलाच, तर तीन वाक्यं तयार ठेवा: ‘सरांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. शिवण मला क्लासच्या बाईंनी शिकवलं, त्यांची आज आठवण येते. बाकी आमच्या त्या प्रसंगाबद्दल बोलायचं झालंच तर मी सरांशी घरी जाऊन बोलेन.’ यात एकही शब्द खोटा नाही आणि एकही उद्धट नाही. क्लासच्या बाईंचं नाव मात्र आवर्जून घ्या.

आणि घरी जाऊन खरंच बोलायचं का? हे तुम्हीच ठरवा, पण ठरवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: त्यांनी काय म्हणावं अशी तुमची अपेक्षा आहे? माफी मागतील या आशेनं जाणार असाल तर थांबा. इतकी वर्षं जी गोष्ट त्यांनी अभिमानानं सांगितली, ती एका संध्याकाळी उलटी होऊन त्यांच्या पुढ्यात आली तर ते गडबडतील. ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणतील, किंवा ‘अगं, मी तुझ्या भल्याचंच बोललो’. नेमके शब्द कोणते होते यावर वाद घालू नका. इतक्या वर्षांत त्यांच्याकडचं वाक्य सांगून सांगून गुळगुळीत झालंय, तुमच्याकडचंही थोडंफार धारदार झालं असेल. शब्दांवर वाद होऊ शकतो, पण दुसऱ्या दिवशी तुम्ही शेवटच्या बाकावर जाऊन बसलात, यावर वाद होऊ शकत नाही. तेवढंच सांगा: ‘सर, त्यानंतर मी वर्गात कधी प्रश्न विचारला नाही. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगायला आले.’ त्यांनी ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर चहा घ्या, नमस्कार करा आणि या. वयानं मोठ्या माणसाच्या पाया पडणं आणि त्याच्याशी असहमत असणं या दोन्ही गोष्टी एकाच भेटीत बसतात. जावंसं वाटलंच नाही तर नका जाऊ. ते कर्ज नाही.

कृतघ्नपणाचा प्रश्न यात आला. गुरुपौर्णिमेला जे मेसेज फिरतात त्यांतला गुरू कधी चुकत नाही. खऱ्या शाळेतले मास्तर चुकतात. त्याच सरांनी तुम्हाला वर्गमूळ काढायला शिकवलं असेल, सहलीला नेलं असेल, कुणाची फी भरली असेल. त्याबद्दल मनात असेल ते खुशाल असू द्या. एका वाक्याबद्दल आभार नाकारल्यानं बाकीचं काही बुडत नाही.

पण ताई, तुमच्या पत्रात सगळ्यात तातडीची गोष्ट सत्कार नाही. ‘आईचंच डोकं आलंय ना माझ्यात’ ही आहे. म्हणजे सरांचं वाक्य तुमच्या मुलीपर्यंत पोचलंय आणि तिला ते सरांनी सांगितलेलं नाही. घाबरवण्यासाठी म्हणत नाही. हे कसं घडतं याचा शिकागो विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केलेला आहे. 2010 साली त्यांनी पहिली-दुसरीच्या वर्गांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती, त्यांच्या वर्गातल्या काही मुली वर्षाखेरीपर्यंत ‘गणित मुलग्यांचं’ असं मानायला लागल्या आणि त्या मुली गणितात मागे पडल्या. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. 2015 च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी मजेशीर गोष्ट निघाली: गणिताची भीती असलेल्या आई-बापांची मुलं गणितात कमी शिकली, पण ते आई-बाप गृहपाठाला वारंवार मदत करत असतील तरच. धास्तावलेल्या चेहऱ्यानं शेजारी बसण्यापेक्षा न बसलेलं बरं, असाच त्याचा अर्थ. ही लहान मुलं होती, तुमची लेक पंधराची आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं तिला लावायला नको. तरी दिशा कळते.

म्हणून तिच्या शेजारी बसून समीकरणं सोडवायला जाऊ नका. ते तिच्या शाळेतल्या बाईंना किंवा क्लासला करू द्या. तुम्ही तिला दुकानात बोलावा. चौघडी घातलेलं कापड पुढ्यात ठेवा आणि विचारा, ‘मी सहाने का भागते आणि पाव इंच का सोडते, तुझ्या पुस्तकातून शोधून सांग बघू.’ तुम्हाला कारण आता माहीत आहे, पण सांगू नका, तिला शोधू द्या. दहावीच्या गणित भाग 2 मध्ये, म्हणजे भूमितीत, समरूपता आणि महत्त्वमापन ही प्रकरणं आहेत. 34 मापाच्या ब्लाउजच्या कागदी पॅटर्नवरून 38 चा कसा वाढवता, सगळीकडे सारखंच वाढवता का, गळा तेवढाच ठेवता का, हे तिला करून दाखवलंत तर समरूप कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, यावर तुमची चांगली जुंपेल. जुंपू द्या.

त्याआधी तिला फळ्याची गोष्ट सांगा. पूर्ण सांगा, रेघेसकट. तिला आजवर एवढंच माहीत आहे की आईला गणित येत नव्हतं. आईनं बरोबर प्रश्न विचारला होता आणि तिला गप्प बसवलं, हे माहीत नाही. आणि घरात ‘मला गणित येत नाही’ म्हणणं बंद करा. खोटा आत्मविश्वास दाखवायचा नाहीये. ‘मला पुढचं शिकवलं नाही’ म्हणा, तेच खरं आहे. तुम्हालाच हुरूप आला तर बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आठवीपासून सुरू करा. दुपारी दीड ते तीन गिऱ्हाईक नसतं असं तुम्हीच लिहिलंय.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. महिना उलटूनही रात्र रात्र डोळा लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. जुन्या जखमेवर बोलायला तिथे कुणी ‘एवढ्या वर्षांनी काय’ म्हणणार नाही. नवऱ्यालाही एकदा शांतपणे सांगा, की उकरून तुम्ही काढलेलं नाही, सत्काराच्या विषयानं काढलंय.

क्रम असा ठेवा: मैत्रिणीला फोन या आठवड्यात, म्हणजे पत्रिका छापायच्या आत. मुलीशी बोलणं त्याच्याही आधी. सरांकडे जायचं की नाही, ते मार्चनंतर बघा, तिचे पेपर झाल्यावर. आणि तिला एवढं सांगून ठेवा, की बोर्डाचा एखादा पेपर अवघड गेलाच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, त्याच वर्षी पुढे जाता येतं. तुमच्या वेळी नापासाचा जो धाक होता तो आता तेवढा राहिलेला नाही. सहामाहीच्या गुणांवरून घरात कुणी तिच्या डोक्याचा निकाल लावायला बसलं, मग ते आजोबा असोत की मामा, तर त्यांना तिथल्या तिथे थांबवायचं काम तुमचं.